कोटाची खरी परीक्षा कॉलरच्या खाचेत
प्रतिनिधी

लग्नसराई तोंडावर आली की सुटाचे कापड निवडण्यात घरातील चार माणसांचे दोन-तीन तास सहज जातात. रंग, पोत, गिरणीचे नाव, मीटरचा भाव यांवर बराच खल होतो. शिलाईचा विषय मात्र 'किती घेणार?' आणि 'केव्हा मिळेल?' या दोन प्रश्नांत संपतो. प्रत्यक्षात कोट अंगावर चढला की पाहणाऱ्याची नजर प्रथम कॉलरकडे जाते आणि तिथली कसर कितीही उंची कापड झाकू शकत नाही.

नेहमीच्या कोटात मानेभोवती फिरते ती कॉलर आणि छातीवर उलगडून पडते ते लॅपल. हे दोन्ही जिथे जोडले जातात, तिथे कडेला एक खाच दिसते. ही खाच कापून काढलेली नसते; कॉलरचे टोक आणि लॅपलचे टोक यांच्यामध्ये मोकळी राहिलेली ती जागा असते. गळ्यापर्यंत बंद होणाऱ्या कोटाचा वरचा भाग उघडा ठेवून मागे दुमडण्याच्या पद्धतीतून लॅपल आले. डाव्या लॅपलवरचे, आज फूल खोचण्यापलीकडे उपयोग नसलेले काज ही त्याच जुन्या बटणाची आठवण आहे. बंदगळ्याच्या कोटाला ही खाचच नसल्याने त्याचा शिंपी निदान या एका कटकटीतून सुटतो.

कटकट अशी, की खाचेच्या आतल्या कोपऱ्यात चार पदर एकाच बिंदूत भेटतात. वरची कॉलर, खालची कॉलर, कोटाचा पुढचा भाग आणि त्याला आतून लावलेली पट्टी. ही पट्टीच दुमडल्यावर लॅपलचा दर्शनी भाग होते. शिलाई या बिंदूवर अचूक थांबावी लागते. एक टाका पुढे गेला तर कोपऱ्यात चुणी पडते, एक टाका अलीकडे राहिला तर भोक दिसते. म्हणून जाणकार कारागीर खडूने बिंदू आखून घेतो, त्याच्याजवळ टाका बारीक करतो आणि कॉलरची व लॅपलची कड एका दमात न शिवता बिंदूपासून दोन दिशांना वेगवेगळी शिवतो. शिलाईबाहेर सोडलेली माया त्या टाक्यांत सापडू द्यायची नाही, हा यातला मुख्य नियम.

दुसरे मर्म मापात आहे. दुमडलेल्या कापडाचा वरचा पदर वळणावरून जातो, त्यामुळे त्याला खालच्या पदरापेक्षा थोडे अधिक अंतर कापावे लागते. वरची कॉलर खालच्या कॉलरपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी ठेवतात ती यासाठीच. कापड जाड असेल तर आणखी थोडी. दोन्ही पदर एकाच मापाचे कापले तर टोके वर वळतात आणि मग कितीही इस्त्री फिरवली तरी ती बसत नाहीत. खालची कॉलर उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपी कापतात. तिरपे कापड ताणले जाते, म्हणून ते मानेच्या गोलाईवर वळते. शिवून झाल्यावर आतली माया सारखी न कापता एक पदर अधिक आखूड, दुसरा किंचित लांब ठेवतात. नाहीतर सगळी जाडी एका जागी साचून कडेला वळ उमटतो.

या सर्वांच्या आत कॅनव्हास असतो. तो लॅपलला शेकडो बारीक तिरप्या टाक्यांनी हाताने जोडला जातो आणि टाके घालताना कापड बोटांवर वळवून धरले जाते. त्यामुळे लॅपलचे वळण कापडातच मुरते. या कामाला तास लागतात. ते वाचवण्यासाठी गोंद असलेले अस्तर गरम दाबाने चिकटवण्याची फ्युजिंगची पद्धत रूढ झाली. ती सरसकट वाईट नाही. उष्णता, दाब आणि वेळ यांचा मेळ नीट साधला तर असा कोट चांगला टिकतो. घाईने साध्या इस्त्रीवर चिकटवलेले अस्तर मात्र काही ड्रायक्लीनिंगनंतर सुटते आणि लॅपलवर बुडबुडे दिसू लागतात. चार दिवसांत सूट मागणाऱ्या आणि शिलाईवर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाने याचा सगळा दोष शिंप्याच्या माथी मारू नये.

ट्रायलला गेल्यावर आरशात समोरून पाहून समाधान मानू नये. दोन्ही खाचा एका उंचीवर आहेत का, हे पाहावे. चौकडीच्या कापडात हा फरक लगेच उघडा पडतो. मागे कॉलर मानेला चिकटून हवी आणि शर्टची कॉलर तिच्यावर सुमारे एक सेंटिमीटर दिसावी. लॅपलचे टोक बोटाने दाबून सोडावे. ते पुन्हा वर उठले तर माप चुकले आहे. शंका असेल तर ती कॉलर कच्च्या टाक्यांवर असतानाच बोलून दाखवावी. पक्की शिलाई झाल्यावर कोपरा उलगडण्यासाठी माया बिंदूपर्यंत कातरली जाते आणि एकदा कातरलेले कापड पुन्हा सांधता येत नाही.