ज्याच्या लेखणीला मुंबईचे स्टुडिओ टरकून असत

सिद्धेश्वर धरणाच्या काठावर बसून मोबाइलवर जुनी मासिकं चाळणं हा माझा रविवारचा छंद. आज 'फिल्मइंडिया' उघडलं आणि पुन्हा बाबूराव पटेलांत अडकलो.

१९०४ साली जन्मलेला हा पालघरकडचा माणूस. त्यानं १९३५ मध्ये इंग्रजीतून हे मासिक सुरू केलं. परीक्षण कसलं, सरळ सालटं काढायचे! वाचकांच्या प्रश्नांना तिरकस उत्तरं देणारं त्यांचं सदर तर लोक आधी उघडायचे. मुखपृष्ठं मात्र देखणी, एस. एम. पंडितांनीही रंगवलेली. नटनट्यांवरचे काही शेरे आज वाचवत नाहीत, हेही खरं. संतापलेल्या अभिनेत्री शांता आपटे छडी घेऊन त्यांच्या कार्यालयात शिरल्या, असा किस्सा सांगतात.

पण नुसती कुचाळकी नव्हती. 'द ड्रम', 'गंगा दीन' अशा भारताची हेटाळणी करणाऱ्या परदेशी सिनेमांवर त्यांनी झोड उठवली. उर्दू लेखक मंटोनं बाबूरावांचं व्यक्तिचित्र लिहिलंय, जरूर मिळवा.

गंमत म्हणजे दुसऱ्यांचे सिनेमे फाडणाऱ्या बाबूरावांनी पत्नी सुशीलाराणींना घेऊन 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) काढले. दोन्ही आपटले! सुशीलाराणी मात्र शास्त्रीय गायिका म्हणून नावाजल्या.

पुढे सिनेमा मागं पडला, मासिक 'मदर इंडिया' नावानं राजकारणाकडं वळलं. १९६७ मध्ये जनसंघाकडून शाजापूरहून ते थेट लोकसभेत! १९८२ मध्ये वारले.

जुने अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर कळवा, हिंगोलीहून पहिली एसटी पकडतो.