रागाने दिलेला राजा

‘हे नेतृत्व ईश्वरानेच दिले आहे’ असे वाक्य कानावर आले की आपण ते स्तुती म्हणून ऐकतो. देवाने दिले म्हणजे चांगलेच दिले असणार, आणि देवाने दिलेल्यावर प्रश्न कोण विचारणार? हिब्रू बायबलमधील होशेय या संदेष्ट्याच्या ग्रंथात या समजुतीला छेद देणारे एक वचन आहे. तेराव्या अध्यायातील ते अकरावे वचन असून मूळ हिब्रूत ते जेमतेम पाच शब्दांचे आहे. त्याचा आशय असा की, परमेश्वर इस्राएलला राजा देतो तो रागाच्या भरात, आणि त्याला काढून घेतो तोही संतापातच. येथे राजा देवदत्त आहे, पण तो प्रसाद नाही. मग ‘देवाने दिले’ याचा अर्थ काय समजायचा? या लेखात त्याच प्रश्नाचा माग काढायचा आहे.

हा ग्रंथ मराठीला परका नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. मूळ शब्दांपाशी जाऊन अर्थ तपासण्याची वाट आपल्याकडे अशी आधीच पडलेली आहे.

प्रथम काळ पाहू. होशेय हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, उत्तरेकडील इस्राएल राज्यात बोलणारा संदेष्टा. दुसऱ्या यराबामाच्या दीर्घ कारकिर्दीत हे राज्य भरभराटीला आले होते. तो गेला आणि घडी विस्कटली. त्याचा मुलगा जखऱ्या सहा महिने टिकला, शल्लूमने त्याला मारले. शल्लूमला एक महिना मिळाला, मनहेमने त्याला मारले. मनहेम अंथरुणावर मेला, पण त्याच्या मुलाला, पेकह्याला, दोन वर्षांत त्याच्याच सरदाराने, पेकहाने संपवले. पेकहाला होशे नावाच्या माणसाने मारले. हा होशे शेवटचा राजा. सुमारे २५ वर्षांत सहा राजे झाले आणि त्यांतले चौघे खुनाने गेले. गंमत अशी की या शेवटच्या राजाचे आणि संदेष्ट्याचे नाव हिब्रूत एकच आहे आणि त्याचा संबंध ‘तारणे’ या धातूशी आहे. राज्य मात्र तरले नाही.

आता शब्दांकडे वळू. रागासाठी वचनात दोन शब्द येतात. पहिला ‘अफ’. त्याचा मूळ अर्थ नाक. नाकपुड्या फुलतात, श्वास तापतो, म्हणून नाक म्हणजेच राग. ‘नाकावर राग’ असणारी माणसे घरोघरी पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. दुसरा शब्द ‘एव्रा’. ‘ओलांडणे, पलीकडे जाणे’ या अर्थाच्या धातूशी तो जोडला जातो, म्हणजे काठ ओलांडणारा, अनावर झालेला राग. देताना राग आहे आणि घेताना तो काठाबाहेर गेला आहे.

क्रियापदे याहून महत्त्वाची आहेत. ‘देणे’ यासाठी ‘नातन’ हा धातू आला आहे. हिब्रूत हा धातू फक्त दानासाठी राखलेला नाही. भूमी देतात, पाऊस देतात, तसेच एखाद्याला शत्रूच्या हातीही ‘देतात’. मराठीचेही तसेच आहे: वर देतात, शापही देतात, आधार देतात, त्रासही देतात. तेव्हा ‘देवाने दिले’ एवढ्यावरून देणगीचा गुण ठरत नाही, तो पुढच्या शब्दावर ठरतो. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात, हाच धातू वापरून परमेश्वर लोकांना मेंढपाळ, म्हणजे राज्यकर्ते, देण्याचे वचन देतो. पण तेथे ‘माझ्या मनासारखे’ हा शब्द जोडलेला आहे आणि ते लोकांना ज्ञानाने व समजुतीने चारतील असेही सांगितले आहे. देणारा तोच आणि क्रियापदही तेच. फरक ‘मनासारखे’ आणि ‘रागाने’ यांतला.

दुसरा पेच काळाचा. प्राचीन ग्रीक भाषांतराने ‘दिला’ असा भूतकाळ घेतला, जेरोमच्या लॅटिन भाषांतराने ‘देईन’ असा भविष्यकाळ. भूतकाळ घेतला की वचन इतिहासातल्या एका राजाकडे, बहुधा शौलाकडे, बोट दाखवते. भविष्यकाळ घेतला की ती धमकी होते. हिब्रूतील रूप अपूर्ण क्रियेचे आहे आणि ते वारंवार घडणारी गोष्टही सांगू शकते. मला हा तिसरा अर्थ सर्वात सयुक्तिक वाटतो, आणि त्यासाठी मराठीत सोय आहे. आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे: तो येई, बसे, निघून जाई. त्याच चालीवर परमेश्वर राजा देत गेला आणि घेत गेला, असे वाचले की जखऱ्यापासून होशेपर्यंतची रांग डोळ्यांसमोर उभी राहते. होशेयचे श्रोते याच रांगेतून जात होते.

मग देण्याला रागाची जोड का? उत्तर आधीच्या, दहाव्या वचनात आहे. तेथे परमेश्वर विचारतो की, तुला वाचवणारा तुझा तो राजा आता कुठे आहे, ज्याच्यासाठी तू माझ्याकडे मागणी केली होतीस? ‘दे’ ही लोकांची मागणी आणि ‘देतो’ हे उत्तर, दोन्ही ‘नातन’चीच रूपे. ही मागणी पहिल्या शमुवेल ग्रंथाच्या आठव्या अध्यायातली. इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा दे, असे लोक म्हणतात. त्यांनी तुला नव्हे, मला नाकारले आहे, असे परमेश्वर शमुवेलाला सांगतो, आणि तरीही त्यांचे ऐक म्हणतो. शमुवेल आधी इशारा देतो: हा राजा तुमचे मुलगे रथांसाठी घेईल, मुली स्वयंपाकासाठी घेईल, शेते आणि द्राक्षमळे घेईल, दासदासी घेईल. ‘घेईल’ हे क्रियापद मूळात चार वेळा येते, आणि होशेयच्या वचनात राजाला ‘काढून घेतो’ म्हणताना नेमका तोच धातू आहे. घेणाऱ्यालाच शेवटी घेतले जाते. शौल या नावाचा अर्थही ‘मागितलेला’ असाच आहे.

येथे एक शंका उभी राहते. याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात परमेश्वर तक्रार करतो की, यांनी राजे नेमले ते मला न विचारता. एकीकडे ‘माझ्याकडून नव्हे’, दुसरीकडे ‘मीच देतो’, हा विरोध कसा मिटवायचा? माझ्या मते पहिले वाक्य संमतीविषयी आहे आणि दुसरे परिणामाविषयी. संमती नसताना केलेल्या निवडीचे फळ पदरात टाकणे हीच येथे ‘देण्या’ची रीत आहे. हट्ट पुरवला जातो, आणि पुरवलेला हट्ट हीच शिक्षा होते.

त्याच काळातला आणखी एक दावेदार ध्यानात घ्यायला हवा. अश्शूरचा सम्राट तिसरा तिग्लथ-पिलेसर आपल्या कोरीव लेखात म्हणतो की, होशेला इस्राएलच्या गादीवर त्यानेच बसवले. म्हणजे एका खुर्चीचे तीन दाते झाले: लोक म्हणतात आम्ही नेमला, सम्राट म्हणतो मी बसवला, संदेष्टा म्हणतो देवाने रागाने दिला. संदेष्ट्याच्या वाक्याची धार येथे कळते. सम्राट ‘दिले’ म्हणतो तेव्हा त्याला निष्ठा हवी असते. संदेष्टा ‘दिले’ म्हणतो तेव्हा तो राजाला पायउतार होण्याची आठवण देतो, कारण त्याच वाक्यात ‘काढून घेतो’ही आहे. देवदत्त सत्तेवर मुदत घालणारे हे वचन आहे.

पुढच्या काळात हा वाद थांबला नाही. तालमुदाच्या सान्हेद्रिन या भागात रब्बी यहूदा म्हणतात की राजा नेमणे ही आज्ञाच आहे. रब्बी नहोराय म्हणतात की राजाविषयीचा तो मजकूर लोकांच्या कुरकुरीमुळे आला. पोर्तुगाल, स्पेन आणि नेपल्सच्या राजांच्या पदरी राहिलेल्या आणि १४९२ साली स्पेनमधून हद्दपार व्हावे लागलेल्या इसहाक अब्राव्हानेलने आपल्या भाष्यांत राजेशाहीची गरजच नाकारली. शमुवेलाचा इशारा तर दोन्ही बाजूंनी वापरला गेला. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १५९८ साली त्यातून प्रजेच्या आज्ञापालनाचा धडा काढला. टॉमस पेनने १७७६ साली त्याच मजकुरावरून राजेशाही मुळातच देवाला नामंजूर असल्याचे मांडले.

एक आक्षेप मात्र सहज झटकता येत नाही. राजा मागितला तो वडीलधाऱ्यांनी, भोगले ते कोणी? मनहेमने अश्शूरला १००० किक्कार चांदी देऊ केली आणि प्रत्येक सधन माणसाकडून ५० शेकेल वसूल केले. एका किक्कारात ३००० शेकेल धरले तर हा बोजा ६०,००० घरांवर पडला. इ.स.पू. ७२२च्या सुमारास शोमरोन पडले तेव्हा २७,२९० माणसे नेल्याचे सम्राट सर्गोनचा लेख सांगतो. या सगळ्यांनी राजा मागितला होता काय? वचनात ‘तुला’ हे सर्वनाम एकवचनी आहे. होशेय संपूर्ण समाजाला एक माणूस समजून बोलतो, आणि त्या एका माणसात कर भरणारी विधवा आणि कट करणारा सरदार एकत्र येतात. हा हिशेब न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. पण तो वास्तवाला धरून आहे. चुकीच्या निवडीची किंमत निवडणाऱ्यांपुरती कधीच राहत नाही, हे होशेयने पाहिले होते.

म्हणून एखादे नेतृत्व ईश्वराने दिले, असे कोणी म्हटले तर होशेयचा वाचक ते नाकारणार नाही. तो दोनच प्रश्न विचारील: दिले ते मनासारखे की रागाने? आणि मागितले होते कोणी?