पाव, बिअर आणि पगार

मागच्या व्याख्यानात आपण इजिप्तच्या थडग्यांमधली मेजवानीची चित्रं पाहिली. भाजलेली बदकं, अंजीर, द्राक्षाची वाइन. आज ती थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांच्या घरात डोकावू. त्यांचं गाव दैर अल-मदिना, नाईलच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. तिथे विहीर नाही, शेत नाही. पाणीसुद्धा गाढवांवरून यायचं.

रोजचं खाणं म्हणजे पाव आणि बिअर. पाव एमर गव्हाचा, म्हणजे आपल्या सांगली-साताऱ्याकडचा खपली गहू. मळणी झाली तरी त्याचं टरफल सुटत नाही. म्हणून तो आधी ओलसर करून उखळात कांडायचा, मग दगडावर दगड पुढे-मागे रगडून पीठ काढायचं. गोल फिरणारं जातं तिथे फार उशिरा आलं. पिठात कच आणि वाळू जायचीच; ममींचे झिजलेले दात बघा, राजांचेही सुटलेले नाहीत.

बिअर अर्धवट भाजलेल्या पावाच्या चुऱ्यापासून करत, असं जुन्या पुस्तकांत सापडतं. पण डेल्वेन सॅम्युअल यांनी भांड्यांतला वाळलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि १९९६ मध्ये वेगळंच मांडलं: मोड आणलेलं धान्य आणि शिजवलेलं धान्य एकत्र करून ती आंबवत. आम्हाला हेच जास्त पटतं.

आता मुद्दा असा, की नाणी नव्हती. पगार म्हणजेच हे धान्य. साध्या कारागिराला महिन्याला ४ खार एमर आणि दीड खार सातू. एक खार म्हणजे साधारण ७६ लिटर. गव्हाचा पाव, सातूची बिअर. जास्तीचं देऊन बाकीची खरेदी. त्यामुळे धान्य थकलं की पगारही गेला आणि ताटही.

तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५०च्या सुमारास, नेमकं तेच झालं. कारागीर हत्यारं टाकून निघाले आणि एका देवळामागे जाऊन बसले. भूक-तहानेनं आलो आहोत, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा, असं त्यांनी सांगितलं. ही नोंद असलेला पपायरस आज इटलीत तुरीनला आहे. जगातला लेखी पुरावा असलेला हा सर्वांत जुना संप मानतात. मागच्या महिन्याचं धान्य त्यांना मिळालं. पण पुढे ते पुन्हा थकलं, आणि माणसं पुन्हा जाऊन बसली.