रीसायकल बिन रिकामा केला. डेटा गेला का?

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. म्हणतो, "दादा, जुना लॅपटॉप विकतोय. सगळं डिलीट केलं, रीसायकल बिनपण रिकामा केला, वरून फॉरमॅट मारला. आता देऊन टाकू ना?"

माझं उत्तर: दोन दिवस थांब. त्या दोन दिवसांत काय करायचं, त्यावर आजचा भाग.

आधी हे बघा की त्या लॅपटॉपमध्ये आहे काय. तुमचे ट्रिपचे फोटो सोडा. आईबाबांच्या आधार-पॅनचे स्कॅन, अ‍ॅडमिशनच्या वेळी अपलोड केलेले दाखले, ताईच्या बँकेचं स्टेटमेंट, ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवलेले पासवर्ड. घरात एकच लॅपटॉप असेल, तर त्यात अख्ख्या घराची कागदपत्रं असतात. म्हणजे विकताय तुम्ही, पण जोखीम सगळ्यांची.

आता डिलीट म्हणजे नेमकं काय होतं? बिल्डिंगच्या खाली नावांचा बोर्ड असतो ना, कोण कुठल्या फ्लॅटमध्ये राहतं त्याचा? डिलीट केलं की कॉम्प्युटर फक्त त्या बोर्डावरचं नाव पुसतो. फ्लॅटमधलं कुटुंब आत तसंच असतं, टीव्ही बघत बसलेलं. फक्त तो फ्लॅट आता 'रिकामा' म्हणून नोंदला जातो, आणि कधीतरी नवा भाडेकरू आला तरच जुन्यांचं सामान बाहेर जातं. क्विक फॉरमॅटमध्ये अख्खा बोर्डच नवा लावतात. फ्लॅट मात्र तसेच. म्हणून फोटोरेक किंवा रेकुव्हासारखं फुकटचं सॉफ्टवेअर एकेका फ्लॅटचं दार वाजवत जातं आणि फाइली परत काढून देतं.

हे नुसतं घाबरवणं नाहीये. एमआयटीचे दोन विद्यार्थी, सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट, यांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या, आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत ५ हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड नंबर सापडले. एक डिस्क तर चक्क एटीएम मशीनमधली असावी असं दिसत होतं! मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. मॉर्गन स्टॅनलीने जुने सर्व्हर आणि डिस्क काढून टाकायचं काम अशा मूव्हिंग कंपनीला दिलं, जिला डेटा पुसण्याचा अनुभवच नव्हता. त्यातलं काही सामान ऑनलाइन लिलावात विकलं गेलं, ग्राहकांच्या माहितीसकट. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने त्यांना ३.५ कोटी डॉलरचा दंड केला.

बरं, मग पुसायचं कसं? त्याआधी एक गोष्ट तपासा: तुमची डिस्क फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. डिस्कच्या खाली एचडीडी किंवा एसएसडी लिहिलेलं दिसेल. इथून पुढे दोघांचे रस्ते वेगळे.

फिरणारी असेल तर काम सोपं. प्रत्येक फ्लॅटमध्ये नवा भाडेकरू घुसवायचा, म्हणजे सगळीकडे शून्य लिहून काढायचं. विंडोज व्हिस्टापासून क्विकची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट हेच करतो. डिस्कपार्टमधली 'क्लीन ऑल' ही कमांडही तेच करते. पण तिथे डिस्कचा नंबर तीनदा बघून घ्या, कारण चुकीचा नंबर दिलात तर ती 'नक्की ना?' असं विचारत बसत नाही. ज्या डिस्कवर विंडोज चालू आहे ती अशी आतून पुसता येत नाही. त्यासाठी श्रेडओएससारखं छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा.

किती वेळा पुसायचं? इंटरनेटवर कुणी सात सांगतं, कुणी ३५. हा ३५ आकडा आला पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून, आणि तेव्हाच्या वेगवेगळ्या जातीच्या डिस्कसाठी मिळून तो होता. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की लोक याचा भूत उतरवायच्या मंत्रासारखा वापर करतायत. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आजच्या फिरणाऱ्या डिस्कला साधारणपणे एक फेरी पुरते. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने पुसली तर पावणेतीन तास लागतात. ३५ वेळा म्हणजे चार दिवस, आणि लाइट गेली की बोंबला. कशाला?

आता एसएसडी. इथे गंमत आहे. एसएसडीच्या आत एक कंट्रोलर असतो, लॉजच्या मॅनेजरसारखा. तुम्ही म्हणता, १२ नंबरच्या खोलीत हे सामान ठेव. तो म्हणतो, 'ठेवलं साहेब.' प्रत्यक्षात ठेवतो दुसऱ्याच खोलीत आणि तिच्या दारावर १२ नंबरची पाटी लावतो. सगळ्या खोल्या सारख्या झिजाव्यात म्हणून. शिवाय काही खोल्या त्याने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या असतात, त्या तुम्हाला दिसतच नाहीत. त्यामुळे वरून शून्य लिहिलं तरी जुनं सामान कुठल्यातरी कोपऱ्यात राहू शकतं.

म्हणून एसएसडीला पुसायचा हुकूम थेट मॅनेजरलाच द्यावा लागतो. त्याला सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ म्हणतात. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो पर्याय असतो, नाहीतर डिस्कच्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायचं. सॅमसंगचं मॅजिशियन, क्रूशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह वगैरे. अर्थात मॅनेजरही कधी थापा मारतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे हुकूम तपासले, तेव्हा एका ड्राइव्हने 'पुसलं' म्हणून सांगितलं आणि डेटा सगळा जागेवर!

मला म्हणून पटतो तो तिसरा रस्ता: एन्क्रिप्शन. लॅपटॉप नवा असतानाच बिटलॉकर किंवा विंडोज होममधलं डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू करा. मग डिस्कवर सुरुवातीपासून जे लिहिलं जातं ते सगळं कुलूपबंद. विकताना किल्ली नष्ट केली की मागे उरतो तो नुसता कचरा. तुमच्या खिशातला फोन हेच करतो. आयफोन किंवा अलीकडचा अँड्रॉइड फॅक्टरी रिसेट केला की किल्ली जाते, म्हणून मिनिटांत काम होतं. फक्त रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, नाहीतर एक दिवस तुम्हीच बाहेर राहाल.

घरच्या लॅपटॉपसाठी एवढी खटपट नको असेल, तर विंडोजच्या 'रिसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि सेटिंग्ज बदलून 'क्लीन डेटा' चालू करा. ते डीफॉल्टने बंद असतं, आणि तिथेच बहुतेकांचं राहून जातं. हे सरकारी किंवा व्यावसायिक दर्जाचं पुसणं नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगते. पण नुसत्या डिलीटपेक्षा कितीतरी बरं. नंतर फोटोरेक चालवून बघा. काही सापडलंच, तर विकायच्या आधी तुम्हाला कळेल.

आणि लॅपटॉप सुरूच होत नसेल तर? बंद पडला म्हणजे डेटा मेला, असं नाही. बऱ्याचदा मदरबोर्ड गेलेला असतो, डिस्क ठणठणीत असते. भंगारात द्यायच्या आधी ती काढून घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये चार-सहा स्क्रूंचं काम. दुसऱ्या कॉम्प्युटरला केसिंगमधून जोडून पुसा. तीही मेलेली असेल तर ड्रिल मारा. फ्रिजवरचं लोहचुंबक फिरवून काही होत नाही. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात, फुटल्या की तुकडे उडतात, तेव्हा डोळ्यांवर गॉगल हवाच. एसएसडीत मात्र प्रत्येक चिपमधून भोक गेलं पाहिजे. जाळायच्या भानगडीत पडू नका, धूर विषारी असतो. उरलेले तुकडे ई-कचऱ्यात.