गावाच्या नावाची नोट

अमेरिकेतील जुन्या ‘नॅशनल बँक नोट’चे नाव मराठी वाचकाला चकवणारे आहे, कारण त्यातील ‘नॅशनल’चा आपल्याकडील राष्ट्रीयीकृत बँकांशी काहीही संबंध नाही. यादवी युद्ध चालू असताना, १८६३ साली झालेल्या कायद्याने गावोगावच्या खासगी बँकांना केंद्र सरकारची सनद घेता येऊ लागली; अशा बँकेने सरकारी रोखे तारण ठेवले, की रोख्यांच्या ९० टक्क्यांपर्यंतच्या (१९०० पासून पूर्ण) रकमेच्या, तिचेच नाव असलेल्या नोटा तिला छापून मिळत. बँक ऑफ बॉम्बेसारख्या बँकांचा नोटा काढण्याचा अधिकार आपल्याकडे १८६१ च्या कायद्याने गेला, त्याच सुमारास अमेरिकेने ही उलटी वाट धरली, हे गमतीचे आहे. १९३५ पर्यंत तिकडे १२,००० हून अधिक बँकांनी अशा नोटा काढल्या.

संग्राहक या नोटेची किंमत करतो ती मुख्यतः तिच्यावरील गावाच्या नावावरून. त्याच मालिकेची, तेच चित्र असलेली न्यूयॉर्कच्या बड्या बँकेची नोट तुलनेने स्वस्तात मिळते. पण चार-दोन वर्षांत बुडालेल्या खेड्यातील बँकेची किंवा राज्याचा दर्जा मिळण्यापूर्वीच्या ॲरिझोनातील नोट लिलावात तिच्या कित्येक पट भाव खाते. आडवा पसरलेला दोनाचा आकडा मिरवणारी, ‘लेझी ड्यूस’ या लाडक्या नावाची दोन डॉलरची नोट मात्र कोणत्याही गावची असो, तिला मागणी असतेच.

यानंतर प्रश्न येतो नोटेच्या अवस्थेचा. नोटांचे अखंड ताव बँकेकडे येत, तेथे अध्यक्ष आणि रोखपाल त्यांवर टाकाने सह्या करत आणि मग ते कापले जात. म्हणून अनेक नोटांच्या कडा वेड्यावाकड्या आहेत आणि शाई विटून तांबूस झाली आहे. मळकी नोट धुऊन उजळ करण्याच्या हव्यासात नेमकी ही सही पुसट होते व किंमतही घसरते. त्यापेक्षा घडीची मळकी नोट पत्करली. जाणकार नोट उजेडासमोर धरतात, कारण सांधलेली चीर आणि बुजवलेली टाचणीची भोके तेव्हाच दिसतात.

सर्वांत कच्चा दुवा दुर्मीळतेचाच आहे. आजवर एकच नोट ठाऊक असलेल्या बँकेच्या आणखी चार नोटा एखाद्या वारसाच्या जुन्या पेटीत निघाल्या, की ती एकुलती एक म्हणून मोठी रक्कम मोजलेल्या संग्राहकाला त्याच दिवशी फटका बसतो.