‘टूम रेडर’चा दुसरा भाग आणि समीक्षकांचे आकडे

एखादा चित्रपट पाहावा की नाही हे ठरवताना तुम्ही आधी त्याचे टक्के पाहता. मोबाइल, वसतिगृह, नोकरी देणारी कंपनी यांच्या बाबतीतही हेच घडते. पण ते टक्के नेमके काय मोजतात? या पाठात आपण व्हिडिओ गेमवर आधारित एका चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचे उदाहरण घेऊन हा प्रश्न तपासू.

१. पार्श्वभूमी

‘टूम रेडर’ हा गेम १९९६ साली आला. इंग्लंडमधल्या डर्बी शहरातील कोअर डिझाइन या संस्थेने तो तयार केला होता. प्राचीन अवशेषांचा शोध घेणारी लारा क्रॉफ्ट ही त्याची नायिका. २००१ साली सायमन वेस्ट यांच्या दिग्दर्शनाखाली त्यावर चित्रपट निघाला आणि अँजेलिना जोलीने लाराची भूमिका केली. समीक्षकांनी त्यावर सडकून टीका केली, तरीही जगभरात त्याची सुमारे २७ कोटी डॉलरची तिकिटे विकली गेली.

दुसरा भाग, ‘द क्रेडल ऑफ लाइफ’, अमेरिकेत २५ जुलै २००३ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते ‘स्पीड’ आणि ‘ट्विस्टर’ हे चित्रपट करणारे यान द बाँट. कथा पँडोराच्या पेटीच्या शोधाची आहे. ही पेटी जैविक शस्त्रे विकणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या हाती लागू नये म्हणून लारा धडपडते. हाँगकाँगमधल्या उंच इमारतीवरून पंखांचा पोशाख घालून मारलेली उडी हे या चित्रपटातले गाजलेले दृश्य. ती उडी साहसदृश्ये करणाऱ्या कलाकारांनी खरोखर मारली होती.

२. समीक्षक काय म्हणाले?

बहुतेकांचा सूर असा होता : साहसदृश्ये पहिल्या भागापेक्षा बरी, जोली भूमिकेत शोभते, पण कथा पातळ आणि उत्कंठा कमी. शिकागोचे प्रसिद्ध समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मात्र दोन्ही भागांना चारपैकी तीन तारे दिले. ते दोन्ही वेळा अल्पमतात होते.

आता संकलित आकडे पाहू. रॉटन टोमॅटोजवर पहिल्या भागाला सुमारे २० टक्के, तर दुसऱ्याला सुमारे २४ टक्के मिळाले. मेटाक्रिटिकवर पहिल्याला १०० पैकी ३३ आणि दुसऱ्याला ४३. चित्रपट तेच, मग एकीकडे वाढ चारची आणि दुसरीकडे दहाची कशी?

३. दोन मोजपट्ट्या

रॉटन टोमॅटोज प्रत्येक परीक्षणाला ‘अनुकूल’ किंवा ‘प्रतिकूल’ असे एकच लेबल लावते आणि अनुकूल परीक्षणांचे शेकडा प्रमाण देते. मेटाक्रिटिक प्रत्येक परीक्षणाला १०० पैकी गुण देते आणि त्यांची भारित सरासरी काढते. म्हणजे पहिली पट्टी ‘किती जणांना आवडला’ हे मोजते, तर दुसरी ‘सरासरी किती आवडला’ हे.

एक काल्पनिक उदाहरण सोडवू. दहा समीक्षक आहेत. पाचपैकी तीन किंवा अधिक गुण म्हणजे अनुकूल मत असे धरू.

चित्रपट ‘क’ : आठ जणांनी ३ गुण दिले, दोघांनी १. अनुकूल प्रमाण ८० टक्के. सरासरी २.६, म्हणजे १०० पैकी ५२.

चित्रपट ‘ख’ : पाच जणांनी ५ गुण दिले, पाच जणांनी २. अनुकूल प्रमाण ५० टक्के. सरासरी ३.५, म्हणजे १०० पैकी ७०.

क्रम चक्क उलटा झाला! जयनगरच्या आमच्या वर्गात हे गणित फळ्यावर मांडले की मुले आधी बेरीज पुन्हा तपासतात. बेरीज बरोबरच असते; प्रश्न वेगवेगळे विचारले म्हणून उत्तरे वेगळी आली. दुसऱ्या भागाबद्दल असे घडले असावे की पुष्कळ समीक्षकांचे मत ‘वाईट’वरून ‘ठीकठाक’कडे सरकले, पण अनुकूलतेची रेषा ओलांडणारे थोडेच निघाले. सरासरी वाढली, शेकडा प्रमाण जवळपास तिथेच राहिले.

४. मत सुधारले, गल्ला का घटला?

दुसऱ्या भागाचे जागतिक उत्पन्न सुमारे १६ कोटी डॉलरवर थांबले. निर्मितीखर्च सुमारे ९.५ कोटी होता. तिकीटविक्रीतला मोठा हिस्सा चित्रपटगृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा, हे लक्षात घेता हे यश नव्हे. पॅरामाउंटने या अपयशाचा ठपका त्याच उन्हाळ्यात घाईने बाजारात आलेल्या, त्रुटींनी भरलेल्या ‘द एंजल ऑफ डार्कनेस’ या गेमवर ठेवला. त्यानंतर गेममालिकेचे काम कोअर डिझाइनकडून काढून क्रिस्टल डायनॅमिक्सकडे देण्यात आले.

हे कारण पुरेसे आहे का? अमेरिकेतले आकडे पाहा. पहिल्या शनिवार-रविवारच्या सुट्टीत पहिल्या भागाने सुमारे ४.७७ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्याने २.१८ कोटी. तिथली एकूण कमाई अनुक्रमे १३.१ कोटी आणि ६.६ कोटी. एकूण कमाईला सुरुवातीच्या कमाईने भागा : पहिल्यासाठी सुमारे २.७५, दुसऱ्यासाठी सुमारे ३. मोठ्या सुरुवातीनंतर गर्दी लवकर ओसरते, त्यामुळे या फरकावर फार भर देऊ नये. तरी एक गोष्ट दिसते : चित्रपट पाहून लोक पळाले असे नाही, ते मुळात आलेच कमी.

सुरुवातीची गर्दी चित्रपट पाहण्यापूर्वीच्या अपेक्षेतून येते. ती अपेक्षा पहिल्या भागाने घडवलेली असते. म्हणून पहिल्या भागाने केलेली निराशा दुसऱ्या भागाला भोवली, हे स्पष्टीकरण गेमच्या दोषाइतकेच विचारात घ्यावे लागते. शिवाय ‘स्पाय किड्स ३-डी’ त्याच दिवशी आला आणि ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आधीपासून गर्दी खेचत होता. एका परिणामामागे अनेक कारणे असताना सोयीचे एकच निवडणे ही अभियांत्रिकीतही नेहमी आढळणारी चूक आहे.

५. तुमच्यासाठी सूचना

कोणताही संकलित आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारा. तो प्रमाण सांगतो की सरासरी? मते देणारे किती आणि कोण? मतांचा विस्तार किती, म्हणजे लोक एकमताचे आहेत की दुभंगलेले? चौथे काम आकड्याबाहेरचे : एक अनुकूल आणि एक प्रतिकूल परीक्षण पूर्ण वाचा. ईबर्ट यांचे तीन तारे २४ टक्क्यांच्या आत दडलेले आहेत. तुमची आवड त्यांच्याशी जुळत असेल, तर उरलेल्या ७६ टक्क्यांचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

स्वाध्याय

१. शंभर टक्के अनुकूल परीक्षणे असूनही सरासरी ६० असू शकते का? उदाहरण तयार करा.
२. तुमच्या महाविद्यालयात अध्यापनाबद्दल घेतलेला अभिप्राय केवळ सरासरीने मांडला, तर कोणती माहिती हरवते?
३. अलीकडे पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाची सुरुवातीची कमाई आणि एकूण कमाई यांचे गुणोत्तर काढा. त्यावरून काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, ते पाच ओळींत लिहा.