विमानप्रवासात परवान्याचे शस्त्र

देगलूर, बिलोली, उदगीर या सीमाभागातील अनेकांना विमानप्रवासासाठी हैदराबाद सोयीचे पडते. पूर्वी बेगमपेठ येथून होणारी तेथील प्रवासी वाहतूक मार्च २००८ पासून शमशाबाद येथून होते. या प्रवाशांत एखादा नेमबाज स्पर्धेला निघालेला असतो, तर एखाद्याजवळ स्वसंरक्षणाची बंदूक असते. परवान्याचे शस्त्र विमानाने नेण्यास मज्जाव नाही. मात्र ते हातातील सामानात चालत नाही. आधी सांगून ते विमानाच्या सामानकक्षातच द्यावे लागते.

प्रथम परवाना पाहावा. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये बंदुकीप्रमाणेच काडतुसांसाठीही परवाना आवश्यक आहे. परवान्यावर त्याचे क्षेत्र नमूद असते. केवळ महाराष्ट्रापुरता असलेला परवाना तेलंगणाची हद्द लागताच अपुरा ठरतो. म्हणून तेलंगणा आणि जेथे उतरावयाचे ते राज्य, ही दोन्ही परवान्याच्या क्षेत्रात येतात याची खात्री घर सोडण्यापूर्वी करून घ्यावी.

त्यानंतर बांधणी. बंदूक पूर्णपणे रिकामी करून कुलूपबंद पेटीत ठेवावी. काडतुसे मजबूत वेष्टनात वेगळी बांधावीत. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांनुसार स्वतःच्या वापरासाठी प्रत्येक प्रवाशास वेष्टनासह ५ किलोपर्यंतच काडतुसे नेता येतात. दोघांची काडतुसे एकाच वेष्टनात बांधता येत नाहीत. हवाई कंपनीची अट याहून कडक असू शकते. सबब तिची संमती आधीच घ्यावी.

विमानतळावर लवकर पोहोचून, सामान स्वाधीन करण्यापूर्वी शस्त्राची माहिती स्वतःहून द्यावी व मूळ परवाना दाखवावा. न सांगितलेले शस्त्र तपासणीत आढळल्यास संशयाला जागा राहते.

विसरलेले एक काडतूसही प्रवाशाला अडचणीत आणते. शेतावर नेलेली पिशवी तशीच प्रवासाला घेतली जाते, तळाशी राहिलेले काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसते आणि प्रवाशाला पोलिसांपुढे उभे राहावे लागते. वस्तू जवळ असल्याची जाणीव हा ‘ताब्या’चा आवश्यक भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केले आहे. तथापि ही जाणीव नव्हती हे पटवून देईपर्यंत विमान निघून गेलेले असते आणि न्यायालयाच्या फेऱ्या मागे लागतात.

म्हणून बंदूक घरी ठेवून निघणाऱ्या परवानाधारकानेही प्रवासाची पिशवी भरण्यापूर्वी ती एकदा उलटी करून झटकावी. गावातील परवानाधारकांना ग्रामसेवक व शिक्षक यांनी ही गोष्ट अवश्य समजावून सांगावी.